नाणे, अंबर आणि शहर

कोकणातील वैशाखऱ्याकडून चढत आलेली नाणेघाटाची पुरातन वाट जेथे माथ्यावरच्या खिंडीतून बाहेर पडते, तेथे कडेला दगडात कोरलेला एक थोरला रांजण आहे. सातवाहनांच्या अमदानीत कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरास येणाऱ्या तांड्यांची जकात या रांजणात पडे आणि त्या नाण्यांवरून घाटास हे नाव मिळाले, असे वाटाड्यापासून ग्रंथकारापर्यंत सारेच सांगतात. लगतचा उत्तुंग कडा मात्र ‘नानाचा अंगठा’ म्हणून ओळखला जातो, आणि घाट बांधणारा कोणी नाना होता अशी आख्यायिका त्या कड्याच्या आधारावर आजवर टिकून आहे. ‘जकात’ हा शब्द तर अरबी. मूळचा धर्मादाय दानाचा आणि आपल्याकडे येता येता नाक्यावरच्या वसुलीचा झालेला. तेव्हा सातवाहनांच्या तोंडी तो घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण ‘नाणे’ तरी त्यांच्या तोंडी होते काय?

याचा निवाडा करण्यास साक्षीदार दूर शोधावयास नको. त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा लेख आहे. यज्ञामागून यज्ञ आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा त्यात मांडली आहे. गायी, घोडे, हत्ती यांच्या संख्या ज्या अंकचिन्हांत दिल्या आहेत ती या देशातील अत्यंत प्राचीन अंकचिन्हांपैकी होत. आणि रोख द्रव्याचा उल्लेख येतो तेथे शब्द आहे ‘कहापण’, म्हणजे कार्षापण. संस्कृतातील ‘नाणक’ आपल्याला भेटतो तो याज्ञवल्क्यस्मृतीत, मृच्छकटिकात, म्हणजे बराच पुढे. आणि अनेक पंडितांच्या मते तो शब्द कुषाणांच्या नाण्यांवर झळकणाऱ्या ‘नना’ या देवतेच्या नावावरून आला, जिची उपासना पार मेसोपोटेमियापर्यंत मागे नेता येते. हे मत ग्राह्य धरले, आणि मला ते ग्राह्य वाटते, तर नागनिकेच्या कारागिरांनी छिन्नी हाती घेतली तेव्हा या घाटास नाणेघाट म्हणणारे कोणी नव्हते. घराघरांतल्या वडीलधाऱ्या नानांशी या शब्दाचा संबंध केवळ कानापुरता. तथापि नाणेही अखेर एका ‘नने’चेच निघावे, ही गंमत आख्यायिका रचणाऱ्यांच्या पथ्यावर पडण्याजोगी खरी.

कानाच्या साक्षीवर विसंबून विद्वानही कोठवर जातात याचे उदाहरण जुन्नरच्याच लेण्यांत आहे. तेथील दात्यांमध्ये तीन यवन आहेत, आणि त्यांपैकी इरिल आणि चिट या दोघांच्या नावांपुढे ‘गतान’ असा शब्द येतो. स्टेन कोनोव्ह या नॉर्वेजियन पंडितांनी या ‘गतां’मध्ये युरोपातील गॉथ लोक पाहिले. आता गॉथ टोळ्या काळ्या समुद्राच्या उत्तरेस पोहोचल्या त्या इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आगेमागे, आणि जुन्नरचे हे लेख तर त्याहून पूर्वीचे समजले जातात; शिवाय लेण्यांच्या लिपीत व्यंजनाचे द्वित्व लिहिण्याचा प्रघात नसल्यामुळे ‘गत’ हे अक्षररूप ‘गत्त’ असेही वाचता येते, आणि मग ते संस्कृत ‘गर्त’ या देशनामाशी जुळण्यास काही प्रत्यवाय राहत नाही. दोन अक्षरांच्या साम्यावर दोन खंडांचा पूल बांधण्याचे धाडस कौतुकास्पद असले तरी त्यावरून पाऊल टाकवत नाही.

याउलट जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यामधला एक शब्द पाहावा. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने ४६व्या वर्षी पाण्याची पोढी, म्हणजे टाके, आणि मंडप दान दिल्याचे तेथे कोरले आहे. ‘क्षत्रप’ हा शब्द वाचताच तो अस्सल संस्कृत भासतो: क्षत्राचे पालन करणारा तो क्षत्रप. वास्तविक तो इराणी राज्यकारभारातला शब्द, ग्रीकांनी ज्याचा ‘सत्रप’ केला. शकांबरोबर तो इकडे आला. परंतु येथे कानाने फसवले नाही, कारण इराणी ‘ख्शथ्र’ आणि संस्कृत ‘क्षत्र’ ही एकाच कुळातील भावंडे होत. त्याच ‘ख्शथ्र’चे झिजत झिजत फारसीत ‘शह्र’ झाले, अर्थ राज्यावरून नगरावर उतरला, आणि मुसलमानी अमदानीत आपण जुन्नरास शहर म्हणू लागलो. क्षत्रिय आणि शहर यांच्या रूपांत आज एक अक्षरही सारखे उरलेले नाही. नाते मात्र सख्खे आहे. खुद्द जुन्नर हे जीर्णनगर होय, हे प्राकृत ‘जुण्ण’वरून, ज्यातून आपले ‘जुने’ आले, पटण्यासारखे आहे. ‘यवननगर’ ही व्युत्पत्ती यवन दाते सापडल्याच्या उत्साहात सुचलेली दिसते.

जुन्नरच्या शेजारच्या आंबेगावच्या नावात आंबा आहे, म्हणजे संस्कृत आम्र. ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे, तरी तालुका त्याच्याच नावाने चालतो. मानमोडीवरील अंबा-अंबिका लेण्यांतील अंबा ही माता. शब्द म्हणून तिचा आम्राशी संबंध नाही. काही काळ जुन्नर ही निजामशाहीची राजधानी होती, आणि त्या दौलतीचा सूत्रधार, १६२६ साली मृत्यू पावलेला मलिक अंबर, याच्या नावातला ‘अंबर’ ना आकाश ना वस्त्र; तो अरबी शब्द, देवमाशाच्या पोटातून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याचा. गुलामांना अत्तरांची नि रत्नांची नावे ठेवण्याच्या त्या काळच्या रीतीतून या हबशी पुरुषास ते मिळाले. जुन्नरच्या पूर्वेस असलेले हापूसबाग हे मौजे घ्या: नाव ऐकताच पोर्तुगीज आफोंसोच्या नावाचा आंबा डोळ्यांपुढे येतो, पण जवळच हबशी घुमट उभी आहे, आणि बागेचे मूळ नाव कोणी हबशीबाग, कोणी हाफिजबाग मानतात. घुमटीचे शेजारपण मला आंब्याच्या साम्याहून वजनदार वाटते.

जुन्नर हे कागदाचेही गाव. येथील कागदी मंडळींनी घोटून तयार केलेला ‘जुन्नरी’ कागद पेशवाईत कारकुनांच्या हाती असे. तो मोजावयाचा दस्त्याने, आणि ‘दस्ता’ हा फारसी ‘दस्त’चा, म्हणजे हाताचा; संस्कृत ‘हस्त’ आणि फारसी ‘दस्त’ ही पुन्हा एकाच मुळाची दोन रूपे, तेव्हा हातात दस्ता धरणारा कारकून एकच शब्द दोनदा उच्चारीत होता. तो कागद बांधून ठेवावयाचा दप्तरात. हा शब्द फारसीतून आला असला तरी फारसीने तो घेतला ग्रीकांच्या ‘दिफ्थेरा’वरून, ज्याचा अर्थ कमावलेले चामडे, कारण कागद येण्यापूर्वी चामड्यावरही लिहीत असत.