मावळांतील एकट्या देवी

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचें देऊळ आहे. चैत्राच्या यात्रेला कोळी व आगरी मंडळी पालख्या घेऊन तो डोंगर चढतात. पुराणिक तिला रेणुका मानून जमदग्नीशीं तिची गांठ घालतात. पण मावळांतील वाटांवर अशा कितीतरी आया आहेत, कीं त्यांच्याजवळ पति नाहीं. आहे तो नुसता शेंदूर फांसलेला तांदळा.

विवाह हा अनादि आहे कीं मनुष्यानें घडविलेला, या प्रश्नावर महाराष्ट्रांत पूर्वींच मोठें वादळ उठलें होतें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२३ सालीं पुण्याच्या ‘चित्रमयजगत्’ मासिकांत भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण छापलें. प्राचीन समाजांत स्त्रीपुरुषसंबंधांना आजचीं बंधनें नव्हतीं, हें त्यांचें म्हणणें. सनातनी मंडळी खवळली. वास्तविक आधार परका नव्हता. परका ब्राह्मण आईचा हात धरून नेतो हें पाहून श्वेतकेतु संतापला, तेव्हां हाच पूर्वापार धर्म आहे असें बापानेंच त्याला सांगितलें. पुढें मर्यादा घातली ती श्वेतकेतूनें. ही कथा महाभारतांतील, म्हणजे ज्या घरांत राजवाड्यांना दूषणें दिलीं जात तेथेंही पूज्य असलेल्या ग्रंथांतील! राजवाडे १९२६ सालीं निवर्तले. पुस्तक फार पुढें, श्री. अ. डांगे यांच्या प्रस्तावनेसह निघालें.

राजवाड्यांचा पुरावा पोथींतला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं तो पायाखालीं शोधला. हे गणिती गृहस्थ पुण्याभोंवतालच्या टेंकड्या व मावळांतील लेणीं पायीं हिंडले. देवींचीं ठाणीं जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत आणि त्या वाटांवर अश्मयुगीन गारगोट्यांचीं बारीक हत्यारें सांपडतात, हें त्यांनीं दाखविलें. त्यांचा ग्रंथ १९६२ सालीं निघाला. या आया पितृप्रधान कुटुंबाच्या आधींच्या, म्हणून एकट्या, असा त्यांचा तर्क. म्हसोबा एका ठिकाणीं देवीच्या पायाखालीं महिषासुर म्हणून मरतो, तर दुसरीकडे तिचा नवरा होतो. दोन जमाती प्रथम झगडल्या व मग एकत्र आल्या, त्याची ती खूण, असें त्यांना वाटे.

तर्क मार्मिक आहे; पण देवी एकटी म्हणून तिच्या भक्तिणी स्वतंत्र होत्या, असें त्यावरून ठरत नाहीं. ज्या गांवांनीं आईला गांवाची मालकीण मानलें, त्याच गांवांत विधवेला हळदीकुंकवाला बोलावीत नसत.