पेशीतील पाठराखीण

नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण धाडण्याची आपल्याकडील चाल श्रोत्यांना ठाऊक आहेच. आपल्या शरीरातील पेशींतही असाच एक प्रकार चालतो. मात्र तो उमगावयास फार काळ लागला, आणि आरंभ झाला तो एका चुकीतून.

इटलीतील फेरुचिओ रितोसा हे फळमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत असत. एकदा कोणा सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे! दुसऱ्या एखाद्याने ते नमुने फेकून दिले असते. रितोसांनी मात्र त्यावर निबंध लिहिला. एका नियतकालिकाने तो नाकारला, तरी १९६२ साली तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. उष्णता लागताच पेशी काही विशिष्ट प्रथिने झपाट्याने बनविते, हे १९७४ मध्ये दिसून आले. पण ती कशासाठी?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. तिची योग्य घडी पडली तरच ती कामाची. ही घडी आपोआप पडू शकते, असे अन्फिन्सन यांनी प्रयोगाने दाखविले होते. १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते त्यासाठीच. मग मदतनीस हवा कशाला, असेच पुष्कळांना वाटे.

उत्तर मिळाले ते तंतुकणिकेत. पेशीचे हे ऊर्जाघर. मानवी तंतुकणिका स्वतः अवघी १३ प्रथिने घडविते. बाकीची शेकडो बाहेरून येतात, आणि तीही घडी मोडून, कारण दार अरुंद. १९८९ साली अमेरिकेतील आर्थर हॉर्विच व जर्मनीतील उलरिख हार्टल यांना यीस्टचा एक सदोष वाण हाती लागला. त्यात प्रथिने आत येत, पण तशीच विस्कटलेली राहत. बिघडले होते ते उष्णतेने वाढणाऱ्या प्रथिनांपैकीच एक, एच्एस्पी-६०. सात घटकांच्या कड्यात ते नवागताला आधार देते. या कुळाला इंग्रजीत 'शॅपरोन' म्हणतात, म्हणजे तरुण मुलींसोबत जाणारी प्रौढ बाई. आपली पाठराखीण माहेरून येते, ही मात्र सासरीच ठाण मांडून असते, एवढाच फरक.

हॉर्विच व हार्टल यांना २०११ मध्ये लास्कर पुरस्कार लाभला. त्याआधीच हा विषय रुग्णांपर्यंत पोचला होता. पाय हळूहळू ताठरत जाणारा आनुवंशिक विकार असलेल्या एका फ्रेंच कुटुंबात याच प्रथिनाचा दोष २००२ साली आढळला. २००८ मध्ये इस्रायलमधील एका बदाऊनी कुळातील बालकांत मेंदूचा गंभीर विकार दिसला, तोही ह्याच प्रथिनामुळे. दोन्ही ठिकाणी शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत बदलले होते ते केवळ एक.