जे दिसत नाही, ते नसतेच का? परोपजीवी गांधीलमाश्यांच्या चरबीचा इतिहास

१/ मे १८६०. चार्ल्स डार्विनने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात इक्न्यूमॉनिडी कुळातील गांधीलमाश्यांचा उल्लेख केला. या माश्या जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालतात आणि पिल्ले त्या अळीला आतून खात वाढतात. दयाळू ईश्वराने असा जीव हेतुपुरस्सर निर्मिला असेल, हे डार्विनला पटत नव्हते.

२/ दीडशे वर्षांनी अशाच कीटकांनी उत्क्रांतिशास्त्रापुढे आणखी एक प्रश्न उभा केला. तो होता चरबीचा.

३/ बहुतेक प्राणी गरजेपेक्षा जास्त साखर मिळाली की तिची चरबी करून साठवतात. हा उपासमारीच्या दिवसांसाठीचा साठा. परोपजीवी गांधीलमाशीला मात्र तो आयता मिळतो. अळीच्या अवस्थेत ती यजमानाची चरबी स्वतःच्या शरीरात भरून घेते. प्रौढपणी कितीही मधुरस प्यायली, तरी तिचा साठा वाढताना दिसत नाही. तो घटतच जातो.

४/ न वापरलेला गुण नाहीसा होतो, हा विचार जुना आहे. लामार्कने १८०९ मध्ये तो मांडला. डार्विननेही १८५९ मध्ये गुहेतील प्राण्यांच्या अंधत्वाची चर्चा करताना अवयवांच्या अनुपयोगाला महत्त्व दिले. १८९३ मध्ये बेल्जियन पुराजीवशास्त्रज्ञ लुई डोलोने पुढचे पाऊल टाकले : उत्क्रांती मागे फिरत नाही, गमावलेला गुण जसाच्या तसा परत येत नाही.

५/ मानवाचेच उदाहरण घ्या. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. आपल्या पूर्वजांना ते आहारातून मिळत राहिले आणि त्यासाठी लागणारे एक जनुक निकामी झाले. त्याचे भग्नावशेष आजही आपल्या पेशींत आहेत. १४९८-९९ मध्ये परतीच्या वाटेवर अरबी समुद्र ओलांडताना वास्को द गामाचे अनेक खलाशी स्कर्व्हीने मेले, त्यामागे हीच जुनी हानी होती.

६/ २०१० मध्ये नेदरलँड्समधील बर्टान व्हिसर, यासिंता एलर्स आणि सहकाऱ्यांनी अनेक कीटकांची तुलना प्रसिद्ध केली. गांधीलमाश्या, माश्या आणि भुंगेरे या वेगवेगळ्या गटांत परोपजीवी जीवनपद्धती स्वतंत्रपणे उदयास आली आणि तिच्यासोबत चरबी बनवण्याची क्षमता पुन्हा पुन्हा लोपली, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोलोच्या नियमाला छेद देणारी एक गोष्टही त्यात होती : अनेक प्रकारच्या यजमानांवर जगणाऱ्या काही जातींत ही क्षमता परत आलेली भासत होती.

७/ मग जनुके तपासली गेली. माशीच्या कोषावर वाढणाऱ्या नासोनिया या गांधीलमाशीत चरबीनिर्मितीची मुख्य जनुके शाबूत होती. मात्र २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की साखर मिळाल्यावर या जनुकांचे काम अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. मानवात यंत्रच मोडले होते. इथे यंत्र धड होते, पण थंड पडलेले.

८/ २०२१ मध्ये व्हिसर यांच्याच गटाने जुन्या निष्कर्षाला मुरड घातली. ड्रोसोफिलाच्या अळ्यांवर वाढणारी लेप्टोपिलिना हेटेरोटोमा ही गांधीलमाशी कमी चरबीच्या यजमानात वाढली, तर चरबी बनवते. यजमान चरबीयुक्त असेल, तर बनवत नाही. म्हणजे क्षमता जाऊन परत आलेली नव्हती. ती कधी गेलीच नव्हती.

९/ त्याच वर्षी जर्मनीतील योआखिम रुथर यांच्या गटाने कार्बनच्या जड समस्थानिकाची खूण असलेली साखर गांधीलमाश्यांना पाजली. ती खूण त्यांच्या मेदाम्लांत सापडली. आधीच्या प्रयोगांत एकूण चरबी मोजली जात होती. जितकी बनते त्याहून अधिक खर्च होत असेल, तर अशा मोजणीत निर्मिती दिसणारच नाही. ही निर्मिती माशीच्या जगण्याला कितपत पुरते, हा वाद अजून मिटलेला नाही.

१०/ प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. महाराष्ट्रातील उसाच्या फडात खोडकिडीविरुद्ध लावली जाणारी ट्रायकोकार्डे म्हणजे ट्रायकोग्रामा या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीचीच पिढी. असा मित्रकीटक शेतात किती दिवस तग धरतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या अंगच्या साठ्यावर ठरते.

११/ दप्तरात एखाद्या गावाची नोंद नाही, म्हणून ते गाव नव्हतेच, असे इतिहासाचा अभ्यासक म्हणत नाही. नोंद कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनाने केली, हे तो आधी विचारतो. गांधीलमाशीच्या चरबीबाबत जीवशास्त्राला हाच प्रश्न विचारायला अकरा वर्षे लागली.

(समाप्त)