बॉल लेकचे मासे

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा वायव्य कोपरा नकाशावर पाहिला तर तिथे जमीन कमी आणि पाणी जास्त दिसते. हिमयुगातल्या बर्फाने खरवडलेला जुना खडक, त्याच्या खळग्यांत साठलेली हजारो तळी, त्यांना जोडणाऱ्या नद्या आणि भोवती स्प्रूस-पाइनचे जंगल. रस्ते थोडेच. उन्हाळ्यात या तळ्यांवर छोटी विमाने उतरतात. त्यांना चाकांच्या जागी होडीसारखे तराफे असतात. त्यातून बहुतेक अमेरिकन पाहुणे उतरतात, तळ्याकाठच्या लाकडी लॉजमध्ये आठवडाभर राहतात आणि रोज सकाळी गळ घेऊन पाण्यावर जातात. ते दोन माशांसाठी येतात, वॉलआय आणि पाइक.

वॉलआयचे डोळे मोठे आणि काचेसारखे असतात. मांजराच्या डोळ्यामागे असतो तसा प्रकाश परतवणारा थर त्याच्याही डोळ्यात असतो. त्यामुळे तिन्हीसांजेला आणि गढूळ पाण्यात त्याला इतर माशांपेक्षा जास्त दिसते आणि तो शिकार साधतो. कॅनडात त्याला पिकरेलही म्हणतात, आणि या तळ्यांचे मूळ रहिवासी जे अनिशिनाबे (ओजिब्वे) लोक, त्यांच्या भाषेत तो ओगा. काटे कमी, मांस पांढरे आणि गोडसर. पाइक लांबट, दातांनी भरलेल्या जबड्याचा, पाणवनस्पतीत दबा धरून बसणारा. आपल्या मराठीतल्या ‘पाईक’शी त्याचा संबंध नाही. भाल्यासारख्या एका हत्याराच्या नावावरून त्याला हे नाव पडले. दोन्ही मासे इतर माशांना खाऊन जगतात. पुढे जे घडले ते समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

या लॉजचा इतिहास सांगताना साधारणपणे विमानापासून सुरुवात करतात. मला ती १८७३ पासून करावीशी वाटते. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला अनिशिनाबे प्रमुखांनी ब्रिटिश राजसत्तेशी तिसरा करार केला. जमीन सरकारकडे गेली, पण त्या मुलखात शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क त्यांच्याकडे राहील, असे कागदावर लिहिले गेले. त्याच वाक्याला शेपूटही होते: वसाहत, खाणी, लाकूडतोड वगैरेंसाठी सरकार घेईल ती जमीन वगळून. पुढच्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथून गेली. रॅट पोर्टेज या गावाचे १९०५ मध्ये केनोरा झाले. रेल्वेच्या वाटेवरच पूर्वेला ड्रायडेन नावाचे गाव वाढले आणि तिथे कागदाची गिरणी उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आणि वैमानिक दोन्ही मोकळे झाले. १९४७ मध्ये डी हॅविलँड कंपनीचे बीव्हर विमान पहिल्यांदा उडाले. ते याच प्रकारच्या कामासाठी बनवले होते: थोड्या पाण्यावर उतरायचे, थोड्या पाण्यावरून उठायचे, सामान भरपूर न्यायचे. जिथे होडी आणि पायवाटेने जायला कित्येक दिवस लागत, तिथे तासाभरात पोहोचता येऊ लागले. केनोराचा बार्नी लॅम हा असाच एक वैमानिक. त्याने स्वतःची विमानसेवा चालवली आणि पत्नी मॅरियनसोबत बॉल लेकवर लॉज उभारला. वाबिगून नदी जिथे इंग्लिश नदीला मिळते, तेच हे तळे. त्याच नद्यांच्या काठी ग्रासी नॅरोज हे अनिशिनाबेंचे गाव आहे, केनोरापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला.

लॉजची जाहिरात निर्मनुष्य रानाची असे. पण ते रान निर्मनुष्य नव्हते आणि तिथला धंदा माणसांवरच चालत होता. वारा कुठून आला की वॉलआय कुठल्या खडकाशी येतो, जूनमध्ये किती खोल असतो आणि ऑगस्टमध्ये किती, पाइक कुठल्या गवतात दडतो, हे पाहुण्याला ठाऊक नसते. ते गाईडला ठाऊक असते, आणि गाईड होते ग्रासी नॅरोजचे आणि शेजारच्या व्हाइटडॉगचे पुरुष. बायका लॉजवर स्वयंपाक आणि साफसफाई करत. हिवाळ्यात फासे लावून फर, शरद ऋतूत रानतांदूळ, उन्हाळ्यात गाईडिंग आणि विक्रीची मासेमारी असे वर्षाचे गणित होते. ते श्रीमंत नव्हते, पण कोणापुढे हात पसरत नव्हते.

दुपारच्या जेवणाला तिथे ‘शोअर लंच’ म्हणतात. सकाळी पकडलेले वॉलआय गाईड तळ्याकाठीच साफ करतो, लाकडे पेटवतो, मोठ्या कढईत चरबी तापवतो आणि बटाटे-कांद्यांसोबत माशाचे तुकडे तळतो. पाहुणे आणि गाईड एकत्र जेवतात. कित्येक पाहुणे वर्षभर याच जेवणाची आठवण काढत बसत. मात्र पाहुणा हे जेवण वर्षातून पाच-सहा दिवस जेवायचा. गाईड मे ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी जेवायचा, आणि संध्याकाळी घरीही मासाच शिजायचा. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या दालदी मुसलमानांना किंवा कोळ्यांना हे वेगळे समजावायला नको. ज्याचे रिज्क पाण्यात आहे त्याचे ताटही त्याच पाण्यातून भरते.

१९६२ मध्ये ड्रायडेनच्या गिरणीला जोडून एक रासायनिक कारखाना सुरू झाला. ड्रायडेन केमिकल्स हे त्याचे नाव, आणि मालकी ब्रिटनच्या रीड समूहाची. कागदाचा लगदा पांढरा करायला क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून ते बनवत आणि त्या यंत्रणेत पारा वापरत. वापरलेल्या पाण्याबरोबर पारा वाबिगून नदीत जात राहिला. १९६२ ते १९७० या काळात सुमारे १० टन.

पाऱ्याला उर्दूत सीमाबही म्हणतात. एका जागी न टिकणाऱ्या माणसाला आपण सीमाबी तबियतीचा म्हणतो, ते त्याच्या या चंचलपणामुळे. नदीच्या गाळात मात्र पारा टिकून बसतो. तिथले जीवाणू त्याचे मिथाइल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. ते सूक्ष्म जीवांत शिरते, त्यांना खाणाऱ्या किड्यांत, किड्यांना खाणाऱ्या छोट्या माशांत, आणि प्रत्येक पायरीवर साठत जाते. शेवटच्या पायरीवर वॉलआय आणि पाइक बसलेले असतात. त्यांच्या मांसात पाण्यापेक्षा लाखो पट पारा साठू शकतो. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितके विष जास्त. म्हणजे भिंतीवर टांगायला पाहुण्याला जो पाइक हवा असतो, तोच सर्वांत विषारी.

याच सुमारास, १९६३ मध्ये, सरकारने ग्रासी नॅरोजची वस्ती जुन्या जागेवरून हलवली. बेटांवर आणि भूशिरांवर कुळाकुळांनी दूर दूर राहणारी माणसे रस्त्याकाठी एकमेकांना खेटून वसवली. शाळा, दवाखाना, वीज देणे सोपे जाईल असे कारण होते. समाजशास्त्रज्ञ अनास्तासिया श्किल्निक यांनी नंतर या गावावर पुस्तक लिहिले. गाव मोडायची सुरुवात स्थलांतरातच झाली होती, विषाने ते पुरे केले, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. पण स्थलांतरानंतरही गाईडचे काम शिल्लक होते, आणि त्या कामात बापाकडचे ज्ञान मुलाकडे जात होते, हेही विसरता येत नाही.

१९६९-७० मध्ये नॉर्वल्ड फिमराइट नावाचा एक नॉर्वेजियन संशोधक विद्यार्थी कॅनडातल्या माशांमधला पारा तपासत होता. त्याचे आकडे बाहेर आले आणि खळबळ उडाली. कॅनडाची मर्यादा होती दहा लाख भागांत अर्धा भाग. वाबिगून-इंग्लिश नद्यांतले मासे त्याच्या कितीतरी पट पुढे होते. मार्च १९७० मध्ये प्रांत सरकारने कारखान्याला पारा नदीत सोडणे थांबवायला सांगितले आणि त्या पाण्यातली विक्रीची मासेमारी बंद केली. हवेत जाणारा पारा १९७५ पर्यंत चालूच राहिला.

विक्रीसाठी पकडलेला मासा विषारी, म्हणून बंदी. मग तोच मासा लॉजच्या पाहुण्याने पकडला तर? त्यावर बंदी आली नाही. सरकारने तोडगा काढला आणि पाट्या लावल्या: ‘गंमत म्हणून मासे पकडा’. पकडा, फोटो काढा, सोडून द्या, खाऊ नका. पर्यटन खात्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पाहुण्याला तो खरोखर मिटल्यासारखा होता. त्याच्यासाठी मासा हा खेळ होता, जेवण त्याला शिकागोला परतल्यावरही मिळणार होते. अनिशिनाबे भाषेत ओगा हा खेळायचा प्राणी नाही. पाटीवरचे ते चार शब्द वाचले की कळते, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते आणि कोण नव्हते.

पाटी लागली तरी शोअर लंच अनेक ठिकाणी चालूच राहिले. ज्या लॉजवर पाहुण्यांना घाबरवायचे नाही असे ठरले होते, तिथे गाईडने आपल्या ताटातला मासा बाजूला सारणे म्हणजे काय, याचा विचार करा. पाहुणा विचारणार, तू का खात नाहीस? पुढच्या आठवड्यात गाईडला बोलावणे नाही. केसांतल्या पाऱ्याची तपासणी झाली तेव्हा गाईड मंडळींचे आकडे सर्वांत वरच्यांत निघाले, आणि मासेमारीच्या हंगामात ते चढत जात.

बार्नी लॅमने वेगळे केले. त्याने फिमराइटकडून आपल्या तळ्यातले मासे तपासून घेतले आणि १९७० मध्ये बॉल लेक लॉज बंद केला. विषारी मासे पाहुण्यांच्या आणि गाईडच्या ताटात वाढणार नाही, ही त्याची भूमिका होती. त्याने कंपनीवर दावाही लावला. धंद्यातल्या इतरांना तो गावाचे नाव खराब करणारा वाटला. मॅरियन लॅमने पाऱ्यासंबंधीचा प्रत्येक कागद जमवायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे हार्वर्ड विद्यापीठात ठेवला गेला. लॅमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, पण हिशेब पूर्ण सांगायला हवा. लॉज बंद झाला तेव्हा ग्रासी नॅरोजला रोजगार देणारे सर्वांत मोठे ठिकाण बंद झाले. विक्रीची मासेमारी आधीच गेली होती. एका उन्हाळ्यात बहुतेक घरांची कमाई संपली आणि लोक सरकारी मदतीवर आले. मदत खात्याचा पैसा मिळे, पण दुकानातले मांस महाग होते, म्हणून लोक मासाच खात राहिले. दारू, मारामाऱ्या, आत्महत्या यांची मालिका त्यानंतरची आहे.

हातापायांना मुंग्या, थरथर, तोल जाणे, जीभ अडखळणे, कडेचे दिसेनासे होऊन बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसणे. ही लक्षणे सांगितली की दारूचा परिणाम असेल असे उत्तर मिळे. जपानमधल्या मिनामाता गावात हाच आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला होता. तिथल्या रुग्णांना वर्षानुवर्षे तपासणारे डॉक्टर मासाझुमी हारादा १९७५ मध्ये ग्रासी नॅरोजला आले आणि त्यांना ओळखीचीच लक्षणे दिसली. त्याच वर्षी इथले काही जण मिनामाताला जाऊन आले. भाषा कळत नसली तरी एकमेकांचे हात पाहून पुरे होते, असे वाटते. हारादा २००२, २००४ आणि २०१० मध्येही परतले. तरुणपणी तपासलेल्यांना त्यांनी म्हातारपणी पुन्हा तपासले.

१९८५ मध्ये समझोता झाला. केंद्र सरकार, प्रांत सरकार, रीड आणि गिरणीचा नवा मालक मिळून दोन्ही गावांना सुमारे १ कोटी ६७ लाख कॅनेडियन डॉलर. अपंगत्व ठरवायला एक मंडळ नेमले गेले. त्यापुढे आपली थरथर सिद्ध करता करता कित्येकांचे आयुष्य संपले. माजी प्रमुख स्टीव्ह फोबिस्टर यांनी २०१४ मध्ये उपोषण केले. मागणी एवढीच होती की सरकारने आम्हाला हा आजार आहे असे म्हणावे. २०१८ मध्ये ते वारले. २०२० मध्ये जुन्या केस-नमुन्यांच्या आकड्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात आला. पाऱ्याचे प्रमाण जास्त असलेले लोक साठीच्या आत मरण्याचा धोका वाढलेला होता, हे त्यात दिसले. दरम्यान २०१७ मध्ये ओंटारियो सरकारने नदी साफ करायला साडेआठ कोटी डॉलर जाहीर केले होते. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले की गिरणीतून आजही जाणारे सल्फेट आणि सेंद्रिय पदार्थ गाळातल्या जुन्या पाऱ्याचे मिथाइल पारा होण्याला मदत करतात. म्हणजे नवा पारा न टाकताही विष तयार होत आहे.

उत्तरेतल्या इतर तळ्यांवरचे लॉज आजही जोरात चालतात. पकडून सोडून देणे आता तिथे चांगल्या शिकाऱ्याचे लक्षण मानले जाते. त्याला माशांची संख्या टिकवण्याची खरी कारणेही आहेत. जेवणासाठी मध्यम आकाराचे वॉलआय ठेवतात, मोठे परत पाण्यात. १९७७ पासून ओंटारियो सरकार मासे खाण्याविषयी मार्गदर्शक तक्ते काढते. त्यात प्रत्येक पाण्यासाठी, प्रत्येक माशासाठी, माशाच्या लांबीनुसार महिन्याला किती वेळा खाणे ठीक तो आकडा दिलेला असतो. गर्भवती होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांचा रकाना वेगळा. वॉलआय आणि पाइकच्या ओळींत लांबी वाढते तसा आकडा उतरत जातो, आणि या दुसऱ्या रकान्यात तो बऱ्याच ठिकाणी शून्यावर येतो.