खडकांचा नकाशा कसा तयार होतो? सह्याद्रीच्या उदाहरणातून समजून घेऊया

वरची माती, गाळ आणि झाडी बाजूला केली, तर खाली कोणता खडक लागेल? हे रंगांनी आणि रेषांनी दाखवणारा नकाशा म्हणजे भूवैज्ञानिक नकाशा. विहीर, बोगदा, धरण, खाण अशा अनेक कामांची सुरुवात याच नकाशापासून होते. मोठ्या प्रदेशाचा नकाशा मात्र एका सर्वेक्षणातून होत नाही. अनेक पिढ्यांच्या नोंदी जुळवून तो संकलित करावा लागतो.

जुन्या नोंदी कशाला हव्यात?

खडक सगळीकडे उघडा दिसत नाही. तो घाटात, ओढ्याच्या पात्रात, खाणीत किंवा विहिरीच्या कडेला दिसतो. पूर्वी उघड्या असलेल्या अनेक जागा आज बांधकामाखाली किंवा पाण्याखाली गेल्या आहेत. तिथे जुनी वही हाच एकमेव पुरावा उरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था 1851 पासून काम करत असल्याने अशा नोंदींचा साठा मोठा आहे.

पण त्या जशाच्या तशा वापरता येत नाहीत. जुने नकाशे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे, तर नंतरचे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. जुन्या टोपोशीटची अक्षांश-रेखांशाची मोजणी आणि आजच्या जीपीएसची मोजणी यांचा पायाही वेगळा आहे. रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर रेषा सरकतात.

एकाच डोंगराची दोन वर्गीकरणे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. हा खडक म्हणजे बेसॉल्ट. अडचण अशी, की बरेच थर दिसायला सारखेच असतात.

सर्वेक्षणाने प्रत्यक्ष पाहणीवरून, म्हणजे प्रवाहांचा प्रकार आणि ओळखीचे थर पाहून, विभागणी केली. त्यात साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावे येतात. 1980च्या दशकात संशोधकांनी खडकांच्या रासायनिक घटकांवरून दुसरी विभागणी मांडली. जव्हार, इगतपुरी, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही तिच्यातली काही नावे. या पद्धतीने के. व्ही. सुब्बाराव आणि पीटर हूपर यांनी 1988 मध्ये पश्चिम घाटाचा प्राथमिक नकाशा प्रसिद्ध केला.

महाबळेश्वर हे नाव दोन्हीकडे आहे. म्हणून दोन्हींच्या सीमा एकच आहेत असे धरले, तर नकाशा चुकतो. संकलन करताना नावे नव्हे, पुरावे जुळवावे लागतात.

जुळवणी कशी करतात?

* खुणेचे थर: काही थरांत फेल्डस्पार खनिजाचे मोठमोठे स्फटिक असतात. ते डोळ्यांनी ओळखू येत असल्याने दोन घाटांतले थर जोडायला उपयोगी पडतात.
* थरांचा कल: पश्चिम घाटातले थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेत उंचावर असलेला थर दक्षिणेत खाली सापडतो. केवळ उंची सारखी आहे म्हणून थर एकच ठरत नाही.
* पुन्हा पाहणी: जिथे जुनी आणि नवी नोंद पटत नाही, तिथे परत जाऊन पाहतात आणि नमुने घेतात.

नकाशा वाचताना हे लक्षात ठेवा

दोन खडकांमधली सलग रेषा म्हणजे सीमा बऱ्यापैकी खात्रीची. तुटक रेषा म्हणजे अंदाजे, आणि ठिपक्यांची रेषा म्हणजे मातीखाली झाकलेली सीमा. चांगला संकलक सगळ्या रेषा सलग काढत नाही. शंका असेल तिथे तो ती नकाशावरच दाखवतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर. मोबाइलवर नकाशा कितीही मोठा केला, तरी त्याची अचूकता वाढत नाही. सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर असे नकाशे पाहता येतात. त्यावरून आपल्या भागातला खडक समजतो, पण विहिरीची नेमकी जागा ठरत नाही. त्यासाठी शेतात जाऊन केलेली तपासणीच लागते. तीच उद्याच्या नकाशासाठी नवी नोंदही ठरू शकते.