बंदुकीतला कागद

१९९४ ची दिवाळी. भात झोडून झालं होतं, हातात चार पैसे होते. वडलांच्या मागे शेतीरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला होता, पण घरात बंदूक नव्हती. वडलांची जुनी ठासणीची नळी फुटायला आली म्हणून त्यांनीच ती पोलीस ठाण्यात जमा केली होती. खालापूरकडच्या एका गावात म्हातारे वारले, मुलाला त्यांची बंदूक विकायची आहे, असं कळलं. मी कर्जतहून एसटीनं गेलो.

माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली वस्तू खाली आली. एकनळी, ठासणीची. नळी गंजून शेणी रंगाची झालेली, घोडा ढिला, दस्त्याची मान मोडलेली आणि तिच्यावर पितळी पत्र्याची पट्टी ठोकलेली. मी तोंड वाकडं केलं तसा तो मुलगा, मुलगा कसला, चाळिशीचा बाप्या, म्हणाला, "काका, ही साधी बंदूक नाय. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यातली हाय. सिद्धगडावर होती."

मग मी घासाघीस केलीच नाही.

आमच्या भागात हे नाव घेतल्यावर कोण घासाघीस करील? मुंबईची वीज आमच्या डोंगरातून जायची. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. १९४२ साली माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या दस्त्यानं त्या विजेचे मनोरे पाडले. त्याच भाईंनी आधी गरीब कुळांसाठी धान्यपेढ्या काढल्या होत्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांचा वेढा पडला. भाई आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. त्या लढ्यातली बंदूक माझ्या ओट्यावर येणार, याचंच मला भरतं आलं.

अलिबागच्या कचेरीत चार खेपा झाल्या, परवान्यावर नोंद झाली आणि बंदूक घरी आली. वर्षभरात मी ती गोष्ट इतक्यांना सांगितली की ती माझीच होऊन गेली. शाळेतले गुरुजी म्हणाले, "येत्या हुतात्मा दिनाला फळ्यावर तिचा फोटो नि माहिती लावू." मी हो म्हटलं. पुढल्या दिवाळीत नातवानं आपल्या टिकल्यांच्या पिस्तुलातली एक टिकली बंदुकीच्या चोचीवर ठेवली, जिथे टोपी बसते तिथे. "आबा, वाजवा ना." मी घोडा ओढला, चाप दाबला. टिकली फट्ट वाजली. पोरगं नळीच्या तोंडाशी उभं राहून हसलं. मीही हसलो.

बंदुकीची दुरुस्तीही परवाना असलेल्यानंच करायची असते. म्हणून फोटोआधी तिला जरा रूप यावं म्हणून मी ती पुण्याला नेली. मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी आधी गंज पाहिला नाही, दस्ता पाहिला नाही. गज काढला, नळीत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावला. खूण बुडापासून चार बोटं अलीकडे राहिली.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

मला घाम फुटला. टिकलीची गोष्ट सांगितली. त्यांनी चोच काढून दाखवली. तिचं भोक गंजानं बुजलं होतं. "ह्या गंजाला घरी जाऊन नारळ फोडा. जुनी दारू भिजते, वाळते, तिचा भरवसा नाही."

त्यांनी नळीत पाणी ओतून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मळसूत्री टोकाच्या गजानं आतलं एकेक ओढून काढलं. आधी काथ्या, मग काळवंडलेले छर्रे, मग कागदाचा बोळा, शेवटी दारूचा चिखल. बोळा मी उलगडला. शाळेच्या वहीचं पान. शाई असती तर धुऊन गेली असती. हे शिसपेनीचं होतं. सतराचा पाढा. १७, ३४, ५१, ६८, आणि पुढे ८४. तिथेच पान फाटलेलं.

बाकीचं काम महिनाभर चाललं. रॉकेल आणि बारीक तारेच्या चोथ्यानं गंज निघाला. पॉलिश पेपरला मिस्त्रींनी हात लावू दिला नाही. त्यानं अक्षरं पुसली जातात म्हणाले. आणि अक्षरं निघालीच: नळीच्या बुडाशी अंडाकृतीत ई, एल, जी, वर मुकुट. बेल्जियममधल्या लिएज शहराचा तपासणीचा शिक्का. तो मुकुट १८९३ नंतरचा. कमान नवी बसली, दस्त्याला जवसाचं तेल पाजलं. पितळी पट्टी काढून नवा दस्ता घालू म्हटलं, तर म्हणाले, "ज्यानं ठोकली त्याला ती लागत होती. राहू द्या." नळीला आतून खड्डे होते. "बार काढू नका," त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर कधी नव्हे ती जुन्या परवान्याची नक्कल वाचली. वर्षभर पाकिटात पडून होती. खरेदी मुंबईतल्या दुकानातून, साल १९५३. सिद्धगडाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेलेली.

मी पाढा घेऊन पुन्हा त्या गावाला गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्यानं कागद हातात घेतला आणि खाटेवर बसला.

"माझंच अक्षर. पंच्याऐंशी मला कधी आलंच नाय." मग हळूहळू सांगू लागला. "भात तयार झालेलं. रात्री डुकरं आली. दादांनी माझी वही ओढली, पान फाडलं, बार ठासला. वर अवकाळी पाऊस. घोडा पाडला तो नुसताच वाजला. सकाळी पाहतो तर अर्धं शेत लोळवलेलं. दादांनी बंदूक माळ्यावर टाकली, नि दुसऱ्या महिन्यात खोपोलीला कारखान्यात लागले. आमची शेती तिथंच सुटली, काका."

"मग सिद्धगडाचं?"

"बापाची बंदूक उडाली नाय, असं सांगून कोण पैसे देतं?"

याला काय उत्तर देणार? १८७८ पासून परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी. ज्याच्या हातात सरकारनं बंदूक राहू दिली, त्यानं ती बहुतेक शेताच्या माचाणावरच झिजवली. १९७२ च्या कायद्यानं विनापरवानगी डुक्कर मारणंही गुन्हा झालं. त्या झिजण्याचा इतिहास कुणी फळ्यावर लावत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याचा इतिहास पांघरावा लागला.

२ जानेवारीला मी शाळेत गेलो. फोटो नेला नाही. भाई आणि हिराजींबद्दल जे माहीत होतं ते सांगितलं, आणि माझ्या घरची बंदूक त्यांची नव्हे, हेही सांगितलं. गुरुजी थोडे नाराज झाले. एका पोरानं विचारलं, "मंग ती कुणाची?"

"एका शेतकऱ्याची," मी म्हटलं, आणि त्या रात्रीची हकिगत सांगितली.

पाढ्याचं पान मी परत द्यायला निघालो होतो, पण त्यानं घेतलं नाही. "बंदुकीसंगं राहू द्या," म्हणाला. आता ते परवान्याच्या पुस्तकात आहे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते. पान तेवढं घरी राहतं.