पडत्या भिंतीचा धनी कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिल्लीच्या चांदनी चौकात टाउन हॉलसमोर एक घंटाघर होते. १९५१ साली ते कोसळले आणि काही माणसे त्याच्या ढिगाऱ्याखाली मेली. त्यांपैकी तिघांच्या वारसांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. गंमत अशी, की घंटाघर नगरपालिकेच्याच मालकीचे होते. एरवी इतरांना ‘तुमची इमारत धोकादायक आहे’ अशा नोटिसा बजावणारी संस्था या वेळी स्वतः प्रतिवादी होती.

तिचा बचाव आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. वरून काही दिसत नव्हते हो! पुराव्यात मात्र वेगळेच निघाले. बांधकाम सुमारे ८० वर्षांचे होते, आणि त्यात वापरलेल्या मसाल्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. विटा सांधणाऱ्या त्या मसाल्याची भुकटी झाली होती. तो तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रस्त्यालगतच्या इमारतीचा दोष उघड असो की आत दडलेला, त्यातून अपघात झाला तर मालक जबाबदार. इमारतीचे वय पाहून तिची वेळोवेळी नीट तपासणी करणे हे त्याचे कामच आहे. वकील मंडळी अशा वेळी एक लॅटिन वचन म्हणतात, ‘रेस इप्सा लॉक्विटर’. म्हणजे घडलेली गोष्टच बोलते. नीट राखलेला मनोरा आपण होऊन पडत नाही. पडला, तर का पडला हे मालकाने सांगायचे.

मध्य प्रदेशातही एक खटला झाला, त्याचा निकाल १९५८ च्या कायदेपत्रात छापलेला आहे. पावसात भिंत पडून दोन मुले दगावली. मालक म्हणाला, ही देवाची करणी. त्या दिवशी पाऊस पडला होता २.६६ इंच. पावसाळ्यात एवढा पाऊस यायचाच, असे म्हणून न्यायालयाने देवाला मोकळे केले आणि मालकाला धरले.

या दोन्ही प्रकरणांत एक सोय होती. मालक एकच होता आणि तो कोण याबद्दल वाद नव्हता. आपल्या मुंबईत नेमका हाच धागा हरवला. तो कसा, ते सांगतो.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. चाळ कुठून खचते हे चाळकऱ्याला इंजिनिअरइतकेच कळते. मोरीच्या आणि सामाईक संडासांच्या बाजूने. तिथे वर्षानुवर्षे पाणी मुरते, भिंतीत गेलेले तुळईचे टोक कुजते, आणि वरून रंग दिलेला असतो म्हणून सगळे ठीक वाटते. हे काम वेळेवर केले तर दहा तुळया बदलून भागते. नाही केले तर पुढे टेकू लागतात.

ते वेळेवर कोणी करायचे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हा प्रश्न बराचसा मालक-भाडेकरूंच्या करारावर सोडला होता. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ साली भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाणित भाडे ठरवले. याच कायद्याच्या २३ व्या कलमाने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मालकाने नोटीस देऊनही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय ठेवली. पण १९४० च्या भाड्यातून वळते करून करून काय होणार? आमच्या दोन खोल्यांचे भाडे माझ्या लहानपणी महिना चौदा रुपये होते. त्यात सुताराची दिवसाची मजुरीही भागली नसती.

भाडे गोठवले ही चूक होती, असे मी म्हणणार नाही. ते गोठवले नसते तर गिरणगावातली कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आली असती. चूक ही, की गोठवलेली गोष्ट पन्नास वर्षे कोणी पुन्हा उघडून पाहिली नाही. दरम्यान पागडी बोकाळली. राहणारा अर्धा मालक झाला, पण जबाबदारीपुरता भाडेकरूच राहिला. खरा मालक नावापुरता उरला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रमाणित भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्या कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती, म्हणून त्या रद्द तेवढ्या केल्या नाहीत. पुढे आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. पन्नास वर्षांचा अनुशेष त्याने कसा भरणार?

मधल्या काळात इमारती पडतच होत्या. बेडेकर समितीच्या शिफारशीवरून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. शहर भागातल्या १९,६४२ इमारतींवर उपकर बसला, आणि त्यातल्या १६,५०२ होत्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. उपकर महापालिकेने गोळा करायचा, दुरुस्ती मंडळाने करायची. पुढे हे मंडळ म्हाडात गेले. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा होती, तीपलीकडे गेलेली इमारत दुरुस्तीबाहेर. कल्पना दयाळू होती आणि तिने हजारो चाळी तगवल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण मालक, भाडेकरू आणि पालिका होतेच, त्यांत आता मंडळ चौथे आले.

जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारत कोसळली तेव्हा याचा अर्थ सगळ्या शहराला दिसला. ढिगारा उपसणे चालू असतानाच, इमारत कोणाच्या अखत्यारीत, यावर वाद सुरू झाला. पालिकेने म्हाडाकडे बोट दाखवले. म्हाडाचे म्हणणे, पडलेला भाग अनधिकृत, उपकरप्राप्त इमारत शेजारीच उभी आहे. घंटाघराच्या खटल्यात पहिल्याच पानावर असलेले मालकाचे नाव इथे शोधत बसावे लागले.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे चाळीचे दुखणे समजू नये. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला साईदर्शन इमारत पडून १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. ती चाळ नव्हती. ३० वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या ‘३५३ ब’ कलमाने सक्तीचे आहे. बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून दिली नसली, तरी छत गळते ते संस्थेचेच. मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ साली त्यासाठीच आली.

दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते. मग घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लागतात, संक्रमण शिबिराचा पर्याय पुढे केला जातो, आणि तरीही पुष्कळ कुटुंबे हलत नाहीत. बाहेरच्यांना हा अडाणीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ मालकीचा कागद नाही, त्याचा ताबा हाच त्याचा कागद असतो. शिबिरात गेलेला माणूस पंचवीस वर्षे तिथेच राहिल्याचे त्याने शेजारी पाहिलेले असते. म्हणून जूनचा पाऊस सुरू झाला, की तो भाडेपावत्यांची पिशवी उशाशी ठेवतो आणि टेकू लावलेल्या तुळईखाली झोपतो.